पत्त्याची ओळ आणि बेघर विद्यार्थी : एक पार्श्वभूमी

विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. नागपुरातल्या महापालिकेच्या एका शाळेत अशाच प्रवेशाच्या दिवसांत मी मुख्याध्यापिकांच्या खोलीत बसलो होतो. समोर दाखल-खारीज रजिस्टर उघडे होते आणि टेबलापलीकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन एक बाई मुलासह उभी होती. "कुठी राहता?" या प्रश्नावर ती म्हणाली, "पुलाखालीच राहतो जी." मॅडमचा पेन क्षणभर थांबला, मग त्यांनी अर्जातल्या पत्त्याच्या ओळीवर 'द्वारा' लिहून जवळच्या चहाच्या टपरीचे नाव घातले. मुलाला प्रवेश मिळाला, हे चांगलेच झाले. परंतु त्याला घर नाही ही गोष्ट शाळेला कळली त्याच मिनिटाला कागदावरून पुसलीही गेली. आपल्याकडे बेघर विद्यार्थी ओळखण्याची अडचण इथे सुरू होते आणि तिचा इतिहास या ओळीपेक्षा बराच जुना आहे.

नागपूर मध्य प्रांताची राजधानी असताना, १९२० च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने स्थानिक संस्थांना आपल्या हद्दीत सक्तीचे शिक्षण लागू करण्याची मुभा दिली. सक्ती हद्दीची होती आणि हद्द घरांची होती. ज्याचे घर यादीत त्याचे मूल पटावर, असा तो साधा हिशेब होता. या हिशेबात पाल टाकून फिरणारी कुटुंबे बसत नव्हतीच, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यामुळे त्यांपैकी अनेकांची हजेरी शाळेऐवजी पोलीस ठाण्यात लागत होती. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पुढे महाराष्ट्रात विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी आश्रमशाळा निघाल्या, ज्यांतून पुष्कळ मुले शिकली. पण त्यामागची कल्पना मुलाला निवासी शाळेत नेण्याची होती. आईबापांसोबत रस्त्याकडेला राहणाऱ्या मुलाला जवळच्या साध्या शाळेत कसे टिकवायचे, हा प्रश्न तसाच राहिला.

बेघर कोणाला म्हणायचे, याचे उत्तर आपल्याकडे शिक्षण खात्याने नव्हे तर जनगणनेने दिले. इमारतीत न राहता रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर, सिमेंटच्या मोठ्या पाइपांत, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात किंवा रेल्वे फलाटावर राहणारी ती बेघर कुटुंबे, अशी ती व्याख्या आहे. २०११ च्या जनगणनेत त्यांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत उरकण्यात आली. देशात सुमारे १७ लाख ७० हजार आणि महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार माणसे बेघर निघाली. एका रात्रीचा हा आकडा शाळेच्या फारसा कामाचा नाही, कारण शाळेला माणूस कोणत्या रात्री कुठे होता यापेक्षा मूल पुढच्या महिन्यात कुठे असेल हे हवे असते.

न्यायालयांनी हा प्रश्न निवाऱ्याच्या आणि उपजीविकेच्या बाजूने हाताळला. ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच धरला. मुंबईच्या फुटपाथवासीयांचा तो खटला होता. २०१० च्या आदेशांनी शहरांत दर एक लाख लोकवस्तीमागे एक निवारा असावा असे ठरले आणि २०१३ पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून महापालिकांचे बेघर निवारे उभे राहू लागले. २०११ मध्ये नागपूरची लोकसंख्या २४ लाखांवर होती, म्हणजे या हिशेबाने चोवीस निवारे हवेत. त्यातही निवारा म्हटला की डोळ्यांसमोर एकटा म्हातारा माणूस येतो; सकाळी पोराला डबा देऊन शाळेत धाडणारी आई येत नाही.

ओल्गा टेलिस निकालाच्या सुमारासच अमेरिकेत वेगळी वाट निघाली होती. १९८७ च्या मॅकिनी कायद्याने (पुढे मॅकिनी-व्हेंटो) बेघर विद्यार्थी हा शाळेचाच विषय ठरवला. स्थिर, नियमित आणि पुरेशी अशी रात्रीची राहण्याची जागा ज्याला नाही तो बेघर. घर गेल्याने नाइलाजाने नातेवाइकांकडे दाटीवाटीने राहणारे मूलही त्यात येते. कागदपत्रे नसली तरी तत्काळ प्रवेश, जागा बदलली तरी शक्यतो मूळ शाळेतच शिक्षण, तिथवर येण्याजाण्याची सोय, आणि २००१ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक शालेय जिल्ह्यात यासाठी नेमलेली एक जबाबदार व्यक्ती, अशी त्याची रचना आहे. तिथेही सगळे आलबेल आहे असे नाही. मात्र कोणी विचारायचे आणि कोणाला विचारायचे, हे ठरलेले आहे.

नातेवाइकांकडचे हे मूल आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले आणि कित्येक घरांतले धान्य, कपडे, पुस्तके चिखलात गेली. त्यानंतर काही दिवस मामाकडे किंवा शेजाऱ्यांकडे राहिलेल्या मुलांना आपल्या कोणत्याही नोंदीत बेघर म्हटले जाणार नाही. बोलण्यातही नागपुरात बेघर आणि झोपडपट्टीवासी यांची सरमिसळ होते. विजय बारसे यांनी २००१ मध्ये इथे झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला आणि पुढे त्यांच्या संस्थेचे खेळाडू बेघरांच्या विश्वचषकात खेळले, तेव्हा अनेकांना हे दोन्ही शब्द एकच वाटले असतील. शाळेसाठी मात्र फरक मोठा आहे. झोपडीला निदान पत्ता असतो, पुलाखालच्या संसाराला तो नसतो.

आपल्या कायद्याने दार उघडले, हे मान्य केलेच पाहिजे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही किंवा शाळा सोडल्याचा दाखला यायचा आहे म्हणून प्रवेश अडवता येत नाही, मूल वयानुरूप वर्गात बसते, आणि आपल्या हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे, स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देणे हे महापालिकेचे कर्तव्य ठरते. आधार नाही म्हणून शाळेचा प्रवेश नाकारता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. राज्यात ४ जुलै २०१५ रोजी शाळाबाह्य मुलांचे एक दिवसाचे सर्वेक्षण झाले, ज्यात मोजलेल्या मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावण्यात आली. एका दिवसाच्या मोहिमेचा मोह सरकारांना पुन्हा पुन्हा का होतो, हे एक कोडेच आहे. त्यापेक्षा २०१७ पासून शाळाबाह्य मुलांना शोधून शाळेत आणणारे, शिक्षकांमधून पुढे आलेले बालरक्षक आणि स्थलांतरित मुलांसोबत जाणारे शिक्षण हमी पत्रक ही साधने अधिक टिकाऊ ठरली, कारण त्यांत मुलाचा माग माणूस काढतो.

पण ही सारी यंत्रणा शाळेबाहेरच्या मुलासाठी आहे. जे पटावर आहे, रोज येते आणि रात्री पुलाखाली झोपते, ते कोणत्याच मोहिमेत सापडत नाही. ते सापडते वर्गशिक्षिकेला, तेही तिने पाहिले तर. सगळी पुस्तके आणि एखादा जास्तीचा सदरा रोज दप्तरात असतो, कारण मागे ठेवायला जागा नसते. दुपारच्या खिचडीतली अर्धी डब्यात भरून धाकट्या भावासाठी जाते. पहिल्या तासाला डोळा लागतो, कारण रात्री ट्रकचे हॉर्न आणि हवालदाराची काठी. पहिल्या मोठ्या पावसानंतर चार दिवस गैरहजेरी. पालकांचा मोबाइल नंबर दर दोन महिन्यांनी वेगळा. मार्च २०२३ मध्ये सी-२० (जी-२० मधील नागरी संस्थांचा गट) बैठकीच्या तोंडावर नागपुरात चौकांत भीक मागण्यावर बंदी आली, तेव्हा सिग्नलवरची कुटुंबे हटली; अशा वेळी आठवडाभर न आलेल्या मुलाचा पुढचा मुक्काम शाळेने विचारला नाही, तर सतत महिनाभराच्या गैरहजेरीनंतर ते 'शाळाबाह्य' होऊन यादीत येते आणि मग त्याचा शोध सुरू होतो.

बाल न्याय कायदा, २०१५ नुसार घर आणि निर्वाहाचे साधन दोन्ही नसलेले मूल काळजी व संरक्षणाची गरज असलेले ठरते आणि ते बालकल्याण समितीपुढे जाऊ शकते. गरज पडल्यास १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करणेही योग्यच. तरीही शिक्षक इथे कचरतात, आणि ते समजण्यासारखे आहे: आपण कळवले तर पोर आईपासून तोडून बालगृहात जाईल, ही भीती आईला असते तशी मॅडमनाही असते. म्हणून काही जणी वेगळेच करतात. त्या मॅडमनी टपरीचे नाव अर्जात लिहिले, पण रजिस्टरखालच्या दोनशे पानी वहीत खरा मजकूर टिपला: कोणता पूल, खांब कितवा, आईचे काम कुठे, रात्री कोणाच्या फोनवर निरोप पोहोचतो. ती वही कोणत्याही पोर्टलवर भरली जात नाही, आणि मॅडमची बदली झाली की ती पुढच्या मुख्याध्यापिकेच्या हाती द्यायची, असा कोणताही नियम नाही.