बिटमोजी वर्ग

शिक्षकाच्या चेहऱ्याशी मिळतेजुळते व्यंगचित्र उभे करून संगणकाच्या पडद्यावर मांडलेली चित्रातली वर्गखोली म्हणजे बिटमोजी वर्ग. कोविडच्या साथीत शाळा बंद पडल्या आणि २०२० साली अमेरिकेतील शिक्षकांमध्ये ही पद्धत झपाट्याने पसरली.

बिटमोजी म्हणजे स्वतःसारखे दिसणारे व्यंगचित्र बनवून देणारे ॲप. ते मूळचे कॅनडाचे. जेकब ब्लॅकस्टॉक आणि सहकाऱ्यांनी टोरांटोत बिटस्ट्रिप्स ही कंपनी काढली, ती चित्रकला न येणाऱ्यालाही स्वतःची चित्रकथा रचता यावी म्हणून. शाळांसाठी तिची वेगळी आवृत्ती होती, त्यामुळे वर्गाशी हे नाते साथीच्या आधीपासूनचे आहे. बिटमोजी २०१४ मध्ये आले आणि २०१६ मध्ये स्नॅपचॅट या संदेश-ॲपच्या कंपनीने बिटस्ट्रिप्स विकत घेतली.

अशा व्यक्तिचित्राला ‘अवतार’ म्हणतात. खाली उतरणे या अर्थाचा हा संस्कृत शब्द संगणकाच्या जगात १९८०च्या दशकातील खेळांमधून रुळला. मराठीत ‘काय हा अवतार!’ असे आपण माणसाच्या दिसण्यावरूनच म्हणतो, म्हणून हा नवा अर्थ आपल्या कानाला परका वाटत नाही.

वर्ग बहुधा गूगल स्लाइड्स या सादरीकरणाच्या साधनात बांधतात. मागे भिंत आणि फरशीचे चित्र, त्यावर कापून काढलेल्या वस्तू एकेक करून ठेवायच्या आणि प्रत्येकीला दुवा (लिंक) जोडायचा. पहिलीच्या मुलाने असा वर्ग उघडला की कपाटातल्या पुस्तकावर बोट ठेवताच बाईंनी वाचलेली गोष्ट सुरू होते, घड्याळ दाबले की ऑनलाइन तास उघडतो, आणि हात हलवणाऱ्या बाईंना स्पर्श केला की त्यांच्याच आवाजात आजचा अभ्यास ऐकू येतो. ज्याला अजून धड वाचता येत नाही, त्याला लेखी सूचनांची यादी काय कामाची? कपाट मात्र तो ओळखतो. या मांडणीचे खरे बळ इथे आहे, बाईंच्या चित्रातल्या केशरचनेत नव्हे.

सजावटीचा मोह मात्र लवकर होतो. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या संशोधनानुसार पाठाशी संबंध नसलेली रंजक चित्रे आणि आवाज शिकण्याला मदत करण्याऐवजी अडथळा आणतात. खिडकीतले मांजर दाबून काहीच होत नसेल, तर मूल ते पुन्हा पुन्हा दाबत बसते आणि गोष्ट राहून जाते.

व्यंगचित्राचा याहून सखोल उपयोग ‘बेटीज ब्रेन’ या अमेरिकन प्रणालीत दिसतो. तिथे बेटी नावाच्या चित्रातल्या मुलीला विद्यार्थ्यानेच शिकवायचे असते. नदीतले मासे, शेवाळ आणि प्राणवायू यांचा संबंध तो बाणांनी जोडून दाखवतो आणि बेटी त्या नकाशावरूनच प्रश्नांची उत्तरे देते. तिचे उत्तर चुकले की बाण तपासायचे. स्वतःसाठी शिकण्यापेक्षा अशा पात्राला शिकवण्यासाठी मुले जास्त कष्ट घेतात, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. इथे पात्र शोभेचे नाही, मुलाच्या समजुतीचा ते आरसा आहे.

आक्षेप गंभीर आहेत. बिटमोजी खाते उघडायला किमान १३ वर्षे वयाची अट आहे, म्हणून प्राथमिक वर्गात अवतार शिक्षकाचाच असावा, मुलांची खाती काढू नयेत. पुस्तकांची मुखपृष्ठे आणि वाचनाचे व्हिडिओ सर्रास चिकटवल्याने स्वामित्वहक्काचा प्रश्नही उभा राहिला. भारतात २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलाची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येणारी संमती घेण्याची तरतूद आहे.

महाराष्ट्रात साथीच्या काळात अनेक घरी भावंडांत मिळून एकच मोबाइल होता आणि अभ्यास व्हॉट्सॲपवर येई. अशा घरासाठी चित्रांनी भरलेली जड स्लाइड नको. तीच खोली एका पानाच्या पीडीएफमध्ये, दुवे कायम ठेवून पाठवता येते. वस्तू चार-पाचच ठेवाव्यात, पण बोटाला सहज सापडतील एवढ्या मोठ्या.