प्लाझ्मासाठी धावलेला एप्रिल

एप्रिल २०२१. रात्री साडेअकराला टिळक रोडवरून स्कूटर घेऊन निघालो होतो. मागे मामेभाऊ बसलेला, मांडीवर थर्माकोलचा डबा दोन्ही हातांनी धरून. डब्यात प्लाझ्माची, म्हणजे कोविडमधून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातल्या द्रवाची, एक पिशवी, फिकट पिवळी, हातात मावेल एवढी. ‘प्लाझ्मा डोनर हवा, अर्जंट, पुणे’ हा मेसेज दिवसभरात किती ग्रुपवर टाकला, मोजलं नव्हतं. मामा ऑक्सिजनवर होते आणि दवाखान्यातून ‘प्लाझ्माची सोय करा’ अशी चिठ्ठी हातात पडली होती. मामा बरे होऊन घरी आले. घरात आजही सगळे म्हणतात, प्लाझ्माने वाचवलं.

हे वाक्य मला टोचतं. कारण आम्ही धावत होतो, तेव्हा प्लाझ्माने फायदा होतो का, याचं उत्तर मिळून सहा महिने उलटले होते. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, देशभरातल्या ३९ रुग्णालयांत मध्यम आजारी असलेल्या ४६४ कोविड रुग्णांवर प्लाझ्मा ताडून पाहिला होता, आणि निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये छापूनही आले होते. २३५ जणांना नेहमीच्या उपचारांसोबत प्लाझ्मा दिला, २२९ जणांना नुसते नेहमीचे उपचार. २८ दिवसांत आजार बळावला किंवा मृत्यू आला, असे प्लाझ्मावाल्या गटात ४४ जण निघाले, दुसऱ्या गटात ४१. म्हणजे प्लाझ्माने फायदा दिसला नाही. सरकारी मार्गदर्शक सूचनांमधून प्लाझ्मा वगळायला मात्र मे २०२१ उजाडला.

मग मामा कशाने बरे झाले? प्लाझ्मा न मिळालेल्या त्या २२९ जणांकडे बघा. त्यातल्या १८८ जणांचा आजार त्या २८ दिवसांत प्लाझ्माशिवायच बळावला नाही. त्यांना पिशवी मिळाली असती, तर त्यांच्याही घरी हेच वाक्य ऐकू आलं असतं. एका माणसाकडे बघून हे कळूच शकत नाही, कारण औषध न घेतलेला तोच माणूस शेजारच्या खाटेवर नसतो. त्याच्या जागी त्याच्यासारख्यांचा एक गट लागतो.

आणि तो गट चिठ्ठ्या टाकूनच पाडावा लागतो. आमचंच उदाहरण घ्या. स्कूटर होती, ओळखी होत्या, पैसे होते, म्हणून प्लाझ्मा मिळाला. असे रुग्ण वेळेवर दवाखान्यात पोचतात, त्यांना ऑक्सिजनही लवकर मिळतो. प्लाझ्मा मिळालेले आणि न मिळालेले यांची नुसती तुलना केली असती, तर श्रेय पिशवीला गेलं असतं. कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठीने ठरवलं, की पैसा, वय, मधुमेह, धावपळ करणारा भाचा, सगळं दोन्हीकडे साधारण सारखं वाटलं जातं.

याच्या उलट डेक्सामेथासोन. जुनं, स्वस्त स्टिरॉइड. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ नावाच्या मोठ्या औषध-चाचणीचा निकाल जून २०२० मध्ये आला: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांमध्ये २६.२ वरून २३.३ वर. पण ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांच्यात फायद्याची खूण नव्हती. तिथे औषध घेतलेल्यांमध्ये मृत्यू १४ ऐवजी १७.८ टक्के होते. हा फरक योगायोगाचा असू शकतो, पण धीर देणारा खचितच नाही. म्हणजे औषध एकच, आणि कुणाला द्यायचं यावर सगळं अवलंबून. तरीही फॉरवर्ड झालेलं प्रिस्क्रिप्शन बघून पहिल्या तापालाच स्टिरॉइड सुरू केलेली माणसं मी आमच्याच सोसायटीत पाहिली. मधुमेहींची साखर त्याने चढते, आणि त्या वर्षी म्युकरमायकोसिसने, म्हणजे ‘काळ्या बुरशी’च्या आजाराने, गाठलेल्यांमध्ये मधुमेह आणि स्टिरॉइडचा अतिवापर या दोन गोष्टी पुन्हापुन्हा दिसल्या.

नुसत्या आकड्यांवर उपचार ठरत नाही, हेही खरं. पुराव्यावर आधारलेल्या वैद्यकशास्त्राचे एक प्रवर्तक डॉ. डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हेच मांडलं होतं: उत्तम संशोधन, डॉक्टरांचा अनुभव आणि रुग्णाला स्वतःला काय हवंय, तिन्ही एकत्र यायला हवं. तिसऱ्या गोष्टीबद्दल आपण फार कमी बोलतो, असं मला वाटतं.

गेल्या महिन्यात आईला खोकला झाला. सदाशिव पेठेतल्या आमच्या डॉक्टरांकडे तिने अँटिबायोटिक मागितलं, मग स्वतःच विचारलं, “नाही घेतलं, तर माझ्यासारख्या शंभर जणींचं काय होतं हो?” डॉक्टरांनी तिची छाती पुन्हा तपासली, ताप पाहिला, आणि कागद उलटा करून दोन आकडे लिहिले. आईने ते चष्मा लावून वाचले, कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, “मग आठवडाभर बघते. श्वासाला त्रास झाला, तर लगेच येते.”