बोआ सापांचा विळखा

बोआ हे बिनविषारी साप. भक्ष्य मारायला त्यांच्याकडे अंगातल्या स्नायूंखेरीज दुसरे हत्यार नाही. भक्ष्याभोवती वेढे टाकायचे आणि त्याचा जीव जाईपर्यंत आवळून धरायचे, ही पद्धत बोआ, अजगर आणि त्यांच्या भाऊबंदांमध्ये आढळते. विळख्यात सापडलेला प्राणी गुदमरून मरतो, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले आणि पाठ्यपुस्तकांतही तेच छापले गेले. गेल्या काही दशकांतल्या प्रयोगांनी हे उत्तर बदलले आहे.

बोआ दबा धरून बसतो. उंदीर टप्प्यात आला की झेप घेऊन तोंड मारतो. त्याचे दात घशाच्या दिशेने वळलेले असतात, त्यामुळे उंदीर सुटायला जितका जोर लावेल तितके ते जास्त रुततात. तोंडाची पकड बसते न बसते तोच अंगाचा पुढचा भाग भक्ष्यावर गुंडाळला जातो आणि छातीभोवती एक-दोन वेढे पडतात. हॅरी ग्रीन आणि गॉर्डन बर्गहार्ट या अमेरिकी संशोधकांनी १९७८ मध्ये वेगवेगळ्या कुळांतल्या सापांची वेढे टाकण्याची ढब ताडून पाहिली. बोआ, अजगर आणि इतर जुन्या कुळांतले साप जवळपास एकाच ढबीने वेढे टाकतात, तर नंतर उदयाला आलेल्या सापांत बरीच विविधता दिसते. यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की ही सवय या जुन्या कुळांना समाईक पूर्वजाकडून मिळाली असावी. सापांच्या वर्तनातून त्यांचा वंशेतिहास वाचण्याचा हा फार सुंदर नमुना आहे.

गुदमरण्याच्या उत्तरावर ठोस शंका घेतली ती डेव्हिड हार्डी या अमेरिकी भूलतज्ज्ञाने, १९९४ मध्ये. श्वास कोंडून मरायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी आधी विळख्यातला प्राणी निपचित पडतो, हे त्याने दाखवून दिले. मग कोंडतो तो श्वास नसून रक्तप्रवाह असावा, असा त्याचा तर्क होता. तो तपासायला दोन दशके गेली. पेनसिल्व्हेनियातल्या डिकिन्सन कॉलेजात स्कॉट बोबॅक आणि सहकाऱ्यांनी उंदरांना भूल दिली, त्यांच्या रक्तवाहिन्यांत दाब मोजणाऱ्या बारीक नळ्या बसवल्या, हृदयाचा विद्युत आलेख घेण्याची सोय केली आणि मग ते बोआपुढे ठेवले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष थक्क करणारे आहेत. विळखा पडल्यापासून अवघ्या ६ सेकंदांत मांडीच्या धमनीतला रक्तदाब निम्म्यावर आला, तर हृदयाकडे येणाऱ्या मोठ्या शिरेतला दाब सहापट झाला. रक्त वाहते ते धमनी आणि शीर यांच्या दाबांतल्या फरकावर. तो फरकच नाहीसा होऊ लागला, की हृदय धडधडत असूनही रक्त जागचे हलेनासे होते. मेंदूला रक्त पोचले नाही की शुद्ध हरपायला काही सेकंद पुरतात. मिनिटभरात हृदयाचे ठोके जवळजवळ निम्मे झाले. विळखा सरासरी साडेसहा मिनिटे टिकला. तो सुटल्यावर घेतलेल्या रक्तात पोटॅशियम जवळपास दुप्पट होते आणि आम्लता वाढलेली होती. ११ पैकी १० उंदरांच्या हृदयाची विद्युत यंत्रणा बिघडली होती. अशा हृदयाला विळखा सैल झाल्यावरही पूर्ववत चालणे अवघड असते.

आवळून धरण्यात सापाची बरीच ऊर्जा खर्च होते आणि तेवढा वेळ तो स्वतः शत्रूच्या तावडीत सापडू शकतो. मग सोडायचे कधी, हे त्याला कसे कळते? बोबॅक यांच्याच गटाचा २०१२ मधला प्रयोग या प्रश्नावर होता, आणि या विषयातला सर्वांत कल्पक प्रयोग तोच म्हणायला हवा. त्यांनी मेलेले उंदीर ऊब देऊन गरम केले आणि त्यांच्या छातीत कृत्रिम हृदय बसवले, ज्याचे ठोके बाहेरून चालू-बंद करता येत. ठोके चालू असले की बोआ जास्त वेळ आणि जास्त जोराने आवळत राहिले. मध्येच ठोके थांबवले तर त्यांनी थोड्याच वेळात विळखा सोडून दिला. ज्या सापांनी जन्मात कधी जिवंत भक्ष्य पकडले नव्हते, तेही ठोक्यांना प्रतिसाद देत होते. म्हणजे ही जाण निदान काही अंशी उपजत आहे.

एक अडचण सापाचीही आहे. सापाला श्वासपटल नसते, तो बरगड्या हलवून श्वास घेतो, आणि विळखा घालताना त्याच बरगड्या दाबल्या जातात. जॉन कॅपानो आणि सहकाऱ्यांनी बोआच्या अंगाभोवती रक्तदाब मोजायचा पट्टा आवळला आणि बरगड्यांची हालचाल क्ष-किरणांनी टिपली. पट्टा अंगाच्या पुढच्या भागावर असला, की साप मागच्या बरगड्यांनी श्वास घेऊ लागे. त्याच्या फुफ्फुसाचा मागचा भाग पोकळ पिशवीसारखा असतो आणि तिथे रक्तवाहिन्या विरळ असतात. पण तो फुगला की बाहेरची हवा पुढच्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या भागातून खेचली जाते. २०२२ मधल्या या अभ्यासामुळे मोठे भक्ष्य आवळताना आणि गिळताना साप स्वतः कसा तग धरतो, याचा उलगडा झाला.

हे तिन्ही प्रयोग अमेरिका खंडातल्या बोआवर झाले. महाराष्ट्रात या गटातले मांडूळ आणि दुरक्या घोणस हे साप आढळतात. दोघेही भुसभुशीत मातीत राहतात, पिल्लांना जन्म देतात आणि उंदरांना विळखा घालून मारतात. दुरक्या घोणस ही विषारी घोणशीसारखी दिसते म्हणून नाहक मारली जाते. मांडुळाच्या बोथट शेपटीमुळे त्याला दोन तोंडे असल्याचा समज आहे, आणि गुप्तधनाच्या, औषधाच्या खुळ्या कल्पनांपायी त्याची चोरटी विक्री चालते. डब्ल्यूसीएस-इंडिया या वन्यजीव संवर्धन संस्थेच्या अहवालात २०१६ ते २०२१ या काळात मांडूळ जप्त झाल्याच्या १७२ घटना नोंदवल्या आहेत. त्यांतल्या ५९, म्हणजे इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त, महाराष्ट्रातल्या आहेत. शेतातले उंदीर आटोक्यात ठेवणारा हा साप पिशव्यांत कोंबून शहरांत विकायला आणला जातो, ही खरोखर संतापजनक गोष्ट आहे.