गट घेऊन अमळनेरला जाताय? अर्ज आणि कागदपत्रं आधी नीट करा

जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था, तिकीट काढून आत शिरायचं संग्रहालय नव्हे. शाळा, वाचनालय, कामगार संघटना, ज्येष्ठ नागरिक संघ, कुणीही जाऊ शकतं. पण तीस-चाळीस माणसं घेऊन अचानक दारात उभं राहू नये. आपल्या लेटरहेडवर मंदिराच्या प्रमुखांच्या नावे अर्ज द्यावा, निदान 15 दिवस आधी. त्यात तारीख, वेळ, माणसं किती, सोबतच्या जबाबदार व्यक्तीचा मोबाईल, आणि फोटो काढणार असाल तर तेही लिहा. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

अर्जात बहुतेक जण 'ऐतिहासिक वास्तू पाहणे' एवढंच लिहितात. मग माहिती सांगणारा तरी काय सांगणार? काय ऐकायचंय ते नेमकं मागा. गिरणीमालक प्रतापशेठ यांच्या पुढाकाराने 1916 साली ही संस्था सुरू झाली. साने गुरुजी इथं शिकायला आले, पुढे प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि 1930 मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. गिरणीच्या पैशातून तत्त्वज्ञानाचं घर उभं राहिलं, आणि त्याच गावात गुरुजी पुढे गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहिले. कामगारांचा गट असेल तर हा धागा अर्जात जरूर लिहा.

शाळांना आणखी एक पायरी असते. सहलीचा प्रस्ताव शिक्षणाधिकारी कार्यालयात द्यावा लागतो. विद्यार्थ्यांची यादी, पालकांची संमतीपत्रं, सोबतच्या शिक्षकांची नावं (मुली असतील तर शिक्षिका हवीच), मार्ग आणि वाहनाचा तपशील जोडा. संमतीपत्रं शेवटच्या दिवशी गोळा करायला गेलात की हमखास दोन-चार राहतात.

गाडीसाठी जवळच्या एसटी आगारात प्रासंगिक कराराचा, म्हणजे गटासाठी पूर्ण बस भाड्याने घेण्याचा, अर्ज करा. शैक्षणिक सहलीला भाड्यात 50 टक्के सवलत मिळते, त्यासाठी शाळेचं पत्र लागतं. गट लहान असेल तर मात्र करार कशाला? नेहमीच्या फेरीने जा. महिलांना निम्मं तिकीट, 65 ते 75 वयाच्यांना निम्मं, 75 पुढच्यांना मोफत. वयाच्या सवलतीसाठी प्रत्येकाने आधार कार्ड खिशात ठेवावं. ते घरी विसरणारे आप्पा प्रत्येक गटात एक तरी असतातच, म्हणून आदल्या रात्री फोन करा. सुरत-भुसावळ मार्गावर अमळनेर स्टेशन आहे, त्यामुळे रेल्वेचाही पर्याय आहे.

तारीख ठरवताना वैशाखातली संत सखाराम महाराजांची यात्रा टाळा. बोरी नदीच्या काठी तेव्हा पाय ठेवायला जागा नसते, आणि ऊन तर विचारूच नका. यात्राच बघायची असेल तर तिच्यासाठी वेगळे या.