रुबिक क्यूब (रंगीत चौकोनांचं फिरवायचं कोडं) झटपट सोडवणारं पोरगं म्हणजे गणिताचं जन्मजात जीनियस?

जळगाव-धुळ्याकडच्या फॅमिली ग्रुपांवर हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय, की सात-आठ वर्षांचं पोर दहा सेकंदांत क्यूब लावतं म्हणजे डोक्यात कॉम्प्युटर आहे, हे शिकून येत नाही. व्हिडिओ बघून असं वाटणारच, त्यात कुणाचं काही चुकत नाही.

पण हिशोब बघा. क्यूबच्या 43 क्विंटिलियनपेक्षा (43 वर 18 शून्यं) जास्त रचना होतात आणि कुठलीही रचना जास्तीत जास्त 20 चालींत सुटते, हे 2010 मध्ये कॉम्प्युटर लावून सिद्ध झालंय. पोरगं मनात गणित करून सगळ्यात छोटा रस्ता शोधत असतं तर 20 च्या आतच थांबलं असतं ना, पण स्पर्धेतली पोरं साधारण 50-60 चाली घेतात, कारण ती पॅटर्न ओळखून पाठ केलेल्या चाली मारतात. नेहमीच्या पद्धतीत शेवटच्या थरासाठी आधीच्या टप्प्यात 57 आणि नंतरच्या टप्प्यात 21 अशा ठरलेल्या केसेस असतात, पाढ्यांसारख्या घोकायच्या. शिवाय सुरुवातीला क्यूब बघायला 15 सेकंद मिळतात, ते घड्याळात धरत नाहीत (व्हिडिओत बहुतेक कापलेले असतात). बाकी बोटांचा वेग आणि रोजचा सराव, आणि तो सराव सोपा नाही बरं का, भाऊ.

घरी तपासायचंय? लावलेला क्यूब घ्या, दरवेळी पाव फेराच फिरवा: उजवी बाजू वर, वरची घड्याळाच्या दिशेनं, मग उजवी खाली, वरची उलट. हेच सहा वेळा करा, मध्ये सगळं विस्कटतं आणि सहाव्यांदा क्यूब आपोआप पुन्हा लागतो.