मॅनाकिनचे गाणारे पंख: दीडशे वर्षांची पार्श्वभूमी

पक्षी कंठातून गातात. कोलंबिया आणि इक्वेडोरमध्ये, अँडीजच्या पश्चिम उतारावरच्या ओल्या जंगलात राहणारा क्लब-विंग्ड मॅनाकिन मात्र पंखांनी गातो. लंडनचे पक्षीतज्ज्ञ फिलिप स्क्लेटर यांनी १८६०मध्ये या इवल्या, लाल टोपीच्या पक्ष्याचं वर्णन केलं, तेव्हा नराच्या पंखातल्या काही पिसांच्या दांड्या गाठीसारख्या फुगलेल्या दिसल्या. पंखाची हाडंही जाड आहेत, अशी नोंद इक्वेडोरमध्ये पक्ष्यांचे नमुने गोळा करणाऱ्या लुई फ्रेझर यांनी केली होती.

डार्विन यांनी १८७१मध्ये हीच पिसं पुराव्यादाखल पुढे केली. मादी जोडीदार निवडते आणि तिच्या पसंतीनुसार नराचं रूप पिढ्यान्‌पिढ्या घडत जातं, हे त्यांचं म्हणणं उत्क्रांतीचा विचार त्यांच्यासोबतच मांडणाऱ्या आल्फ्रेड वॉलेस यांना पटलं नाही. पुढची कित्येक दशकं ते अडगळीतच पडलं. मादीला स्वतःची आवड असू शकते हे मानायला एवढा वेळ लागावा, याचं मला फार वाईट वाटतं.

चित्र बदललं ते जंगलात ठाण मांडून बसलेल्या अभ्यासकांमुळे. डेव्हिड स्नो १९५७ ते १९६१ त्रिनिदादमध्ये होते. तिथल्या वेगळ्या जातीचा, पांढऱ्या दाढीचा नर मॅनाकिन जमिनीचा छोटासा तुकडा पानं-काटक्या उचलून लख्ख करतो आणि भोवतालच्या रोपट्यांवर टणाटण उड्या मारत पंखांचा फटाका वाजवतो. शेजारी-शेजारी असे अनेक आखाडे असतात. माद्या येतात, पाहतात, निवडतात. घरटं, अंडी, पिल्लं सगळं मादी एकटीच सांभाळते. स्नो यांनी याचं मूळ आहारात शोधलं: जंगलात फळं मुबलक, म्हणून पिल्लांसाठी नराची गरज उरत नाही आणि तो नाचायला मोकळा.

पंखांचं गुपित उलगडलं २००५मध्ये. किम्बर्ली बॉस्टविक आणि रिचर्ड प्रम या पक्षीअभ्यासकांनी वेगवान कॅमेऱ्याने क्लब-विंग्ड नराला टिपलं. तो पाठीवर उभारलेले पंख सेकंदाला शंभराहून अधिक वेळा एकमेकांवर आपटतो. एका पिसाच्या दांडीवर सात कंगोरे असतात, शेजारच्या पिसाचं वाकडं टोक त्यांवरून घासत जातं आणि व्हायोलिनसारखा स्वर निघतो. रातकिडाही असंच घासून वाजतो. २०१२मध्ये हाडं तपासली, तर फ्रेझर यांची नोंद खरी निघाली: नराच्या पंखातलं एक मुख्य हाड जाडजूड आणि चक्क भरीव आहे.

उडणाऱ्या पक्ष्याने हा भार का वाहावा? प्रम म्हणतात, मादीला तो स्वर आवडतो एवढंच कारण पुरेसं आहे. त्यातून नराची ताकद कळत असली पाहिजे, असं मानणारेही पुष्कळ आहेत, आणि हा वाद अजून मिटलेला नाही.