परदेशी शिकायला जायचंय? फाइल करताना आधी नाव बघा, मग पैसा, मग बाकीचं

आमचं घर निफाडकडचं, द्राक्षाची बाग, आणि तीन वर्षांपूर्वीपर्यंत घरात पासपोर्ट एकाकडेही नव्हता. भावाची जर्मनीची मास्टर्सची फाइल आणि नंतर मावसबहिणीची यूकेची, दोन्ही मीच नाशिकला बसून केल्या. आता ओळखीतली पोरं फोन करतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच, ताई आयईएल्ट्सला, म्हणजे त्या इंग्रजीच्या परीक्षेला, किती बँड लागतील. बँड लागतातच, पण मी पाहिलेल्या फायली मार्कांवरून कमी अडकल्या, नावावरून आणि पैशाच्या कागदावरून जास्त अडकल्या, आणि या दोन्ही गोष्टी दुरुस्त करायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरला जायचं असेल तर आदल्या वर्षीच्या जून-जुलैपासून सुरुवात करा असं मी सांगते.

पहिल्या दिवशी एकच काम करा. दहावीचं मार्कशीट, बारावीचं, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, जन्म दाखला आणि कॉलेजची सगळी मार्कशीटं टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि नाव अक्षर अक्षर वाचून काढा. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. म्हणजे मार्कशीटवर पाटील रोहन सुरेश, आधारवर रोहन सुरेश पाटील, आणि पासपोर्टच्या फॉर्ममध्ये घाईत नुसतंच रोहन पाटील भरलं की तीन कागदांवर तीन माणसं झाली. आडनाव पुढेमागे असणं ही मोठी अडचण नाही, ते सगळ्यांना समजावता येतं. खरी अडचण स्पेलिंगची आणि आपल्याकडच्या राव-बाईची असते. आमच्या भावाच्या दहावीच्या मार्कशीटवर आईचं नाव कमल आणि आईच्या आधारवर कमलबाई, वडिलांचं बँकेत एक स्पेलिंग आणि सातबाऱ्यावरून केलेल्या कागदांत दुसरं. इथे कुणाचंच काही अडत नव्हतं कारण तलाठ्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळे ओळखतात, पण तिकडे फाइल बघणाऱ्या माणसाला बाई हा शब्द मानाने लावतात हे माहीत असायचं काही कारण नाही.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे दहावीच्या मार्कशीटवर जे नाव आहे तेच पक्कं धरायचं आणि आधार, पॅन, बँक त्याच्याशी जुळवून घ्यायचं, कारण आधार लवकर बदलता येतं आणि दहावीचं मार्कशीट नाही. मार्कशीटवरच चूक असेल तर शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे प्रस्ताव जातो, शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद लागते, आणि यात महिने जातात, म्हणून हे पहिल्याच महिन्यात सुरू करा. नाव खरोखर बदललं असेल, लग्नामुळे किंवा दत्तकविधानामुळे, तर राज्य सरकारचं गॅझेट करून घ्या, ते ऑनलाइन होतं. आईवडिलांच्या बारीकसारीक फरकासाठी दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा, पण जिथे मूळ कागदच दुरुस्त होतोय तिथे प्रतिज्ञापत्रावर भागवू नका.

नावं जुळली की पासपोर्ट. पासपोर्ट सेवा केंद्र नाशिकलाच आहे, साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळ केलं तर वर २,०००. फॉर्ममध्ये आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका, त्याचा त्रास पुढे प्रत्येक व्हिसा फॉर्मला होतो. दहावीचं मार्कशीट ओरिजिनल सोबत न्या म्हणजे ईसीआरचा, काही देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागते असा, शिक्का टळतो. पोलीस व्हेरिफिकेशनला पत्त्यावर खरोखर कुणीतरी हवं, हॉस्टेलचा पत्ता देऊन सुट्टीत घरी गेलेल्या पोरांचे रिपोर्ट उलटे गेलेले पाहिलेत. पासपोर्ट आधी का, तर आयईएल्ट्सला ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो. स्कोर २ वर्षं चालतो, मास्टर्ससाठी काही ठिकाणी मागतात त्या जीआरई परीक्षेचा ५ वर्षं, त्यामुळे परीक्षा फार लवकर देऊन ठेवण्यातही अर्थ नाही.

कॉलेजच्या कागदांचं थोडक्यात सांगते. आपल्याकडची बहुतेक कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची, त्यामुळे ट्रान्सक्रिप्ट तिथूनच येतं, अर्ज ऑनलाइन होतो. ट्रान्सक्रिप्ट म्हणजे मार्कशीटांची झेरॉक्स नव्हे, सगळ्या सेमिस्टरचे विषय, क्रेडिट, ग्रेड एकत्र असलेला विद्यापीठाचा कागद, आणि तो दोन-तीन प्रती जास्तच काढा. नर्सिंग, फिजिओ वगैरे केलेल्यांचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला आपल्या गावातच आहे, मुक्तवाल्यांचं गंगापूर धरणाच्या बाजूला. डिग्री सर्टिफिकेट आपोआप घरी येत नाही, पदवीदान समारंभाचा फॉर्म भरावा लागतो आणि हे अर्ध्या पोरांना पास होऊन वर्ष झाल्यावर कळतं. अजून एक, २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाचं नाव बदललं, तेव्हा ज्यांची काही मार्कशीटं जुन्या नावाची आहेत त्यांनी अर्जात दोन्ही एकच आहेत अशी एक ओळ लिहावी.

पात्रतेचं प्रत्येक देशाचं वेगळं आहे. जर्मनीला बारावीवर थेट बॅचलर्सला प्रवेश सहसा मिळत नाही, इथे पदवीचं एक वर्ष पूर्ण केलेलं किंवा जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास लागते, नाहीतर तिकडचं स्टुडियनकोलेग म्हणजे तयारीचं वर्ष. मास्टर्सला आपली ३ वर्षांची डिग्री तिथे बऱ्याच ठिकाणी चालते, अमेरिकेत काही विद्यापीठं ४ वर्षांचीच मागतात. एमबीबीएसला बाहेर जाणाऱ्यांनी नीट ही प्रवेश परीक्षा पास केल्याशिवाय एक रुपयाही कुणाला देऊ नका, परत येऊन इथे प्रॅक्टिस करायची तर नीट पास असणं सक्तीचं आहे, आणि कोर्स किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा आणि वर १२ महिन्यांची इंटर्नशिप असलेला हवा.

जर्मनीसाठी १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस सर्टिफिकेट सक्तीचं झालंय. एपीएसचं दिल्लीचं ऑफिस तुमची सगळी शैक्षणिक कागदपत्रं तपासून हे देतं, फी १८,००० रुपये, आणि गर्दीच्या दिवसांत वेळ लागतो म्हणून विद्यापीठ शोधायच्या आधीच अर्ज टाका, भावाचं आम्ही तसंच केलं. त्याला मुदत संपण्याची भीती नाही. नंतर ब्लॉक्ड अकाउंट, त्यात सध्या वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून ठेवायचे आणि तिकडे गेल्यावर महिन्याला ९९२ हातात मिळतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तरी ही रक्कम बारा लाखांच्या घरात जाते, म्हणून सरकारी विद्यापीठांत फी नाही म्हणजे जर्मनी फुकट असं कुणी सांगत असेल तर आधी हा आकडा वडिलांना दाखवा. आणि फी अजिबात नाही असंही नाही, बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १,५०० युरो आहेत.

आता पैशाचं, कारण शेतकरी घरातली फाइल इथेच जड जाते. शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही म्हणून वडिलांनी रिटर्न कधी भरलेलेच नसतात, आणि द्राक्षाचा पैसा फेब्रुवारी ते एप्रिल एकदम येतो. बँक स्टेटमेंट बघणाऱ्याला काय दिसतं, तर दहा महिने खात्यात फार काही नाही आणि अचानक एका आठवड्यात आठ लाख. इथे लपवायचं काहीच नसतं पण माग दाखवावा लागतो. आम्ही काय लावलं ते सांगते. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा आणि त्यावरची पीकपाहणी, व्यापाऱ्याने दिलेल्या हिशोबपट्ट्या, आणि सीएकडून मालमत्तेचं नेटवर्थ सर्टिफिकेट. व्यापाऱ्याला मी बाबांकरवी सांगून ठेवलं होतं की त्या वर्षीचं पेमेंट सगळं बँकेतूनच करा, रोख नको, आणि ते एक वाक्य पुढे सगळ्यात कामी आलं. हे जमायला एक अख्खा हंगाम लागतो म्हणून आदल्या वर्षी सुरुवात.

यूकेचा नियम तर अजून कडक. विद्यापीठाने सीएएस, म्हणजे प्रवेश पक्का झाल्याचा व्हिसासाठी लागणारा कागद, दिल्यावर, जी फी बाकी आहे ती आणि राहण्याचा खर्च, लंडनला महिन्याला १,५२९ पौंड आणि बाहेर १,१७१, जास्तीत जास्त ९ महिन्यांचा, एवढा पैसा खात्यात सलग २८ दिवस हवा. आणि स्टेटमेंटचा शेवटचा दिवस अर्जाच्या आधी ३१ दिवसांच्या आतला. सलग म्हणजे खरोखर सलग. मावसबहिणीच्या वेळी काकांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, खात्यात रक्कम ठेवली, १९ दिवस छान गेले, आणि विसाव्या दिवशी खरड छाटणीनंतर दिलेला खत-औषधवाल्याचा चेक पास झाला. चार हजार रुपयांनी बॅलन्स खाली. काकांना वाटलं दुसऱ्या दिवशी भरून टाकू, भरलेही, पण मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली आणि आमचे तीन आठवडे गेले. म्हणून त्या खात्याचं चेकबुक काढून घ्या, हप्ते दुसऱ्या खात्यावर वळवा, लागते त्यापेक्षा लाखभर जास्त ठेवा, पौंडाचा भावही वरखाली होतो. पैसा विद्यार्थ्याच्या किंवा आईवडिलांच्या नावावर हवा, मामा-काका-आजोबांचा चालत नाही, आणि आईवडिलांचा असेल तर जन्म दाखला आणि संमतीपत्र लागतं, म्हणजे पुन्हा ते नावाचं प्रकरण आलंच. पतसंस्थेत ठेव असेल तर ती मोडून वेळेत बँकेत आणा, कारण पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात आणि तिकडे रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालची बँक बघतात. शिवाय सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्यांना टीबीची टेस्ट त्यांनी ठरवलेल्या क्लिनिकमध्येच, आणि आरोग्य सरचार्ज वर्षाला ७७६ पौंड, तो अर्जासोबतच भरायचा.

फंड दाखवून देतो, महिनाभर खात्यात पैसे टाकतो आणि टक्केवारी घेतो असं सांगणारी माणसं तुम्हाला भेटतील, आम्हालाही भेटली. हात जोडून सांगते, त्या वाटेला जाऊ नका. यूकेत फसवणूक केली म्हणून अर्ज नाकारला गेला तर १० वर्षांची बंदी लागू शकते, आणि ती टक्केवारी घेणारा तेव्हा फोन उचलत नाही.

बाकी देशांचं पटकन. अमेरिकेला विद्यापीठाकडून आय-ट्वेंटी हा प्रवेशाचा कागद आल्यावर सेव्हिस म्हणजे विद्यार्थी नोंदणीची फी ३५० डॉलर, मग डीएस-१६० हा व्हिसाचा फॉर्म, व्हिसा फी १८५ डॉलर आणि मुंबईला बीकेसीत मुलाखत, फॉर्ममध्ये मागच्या ५ वर्षांतले सोशल मीडियाचे सगळे हँडल लिहायचे असतात ते विसरू नका. कॅनडात सप्टेंबर २०२५ पासून फी आणि प्रवास सोडून २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात, आणि पूर्वीची एसडीएस ही जलद सोय नोव्हेंबर २०२४ मध्येच बंद झाली, जुने व्हिडिओ बघून तिच्यावर भरवसा ठेवू नका.

लोनला साधारण साडेसात लाखांपर्यंत सरकारी बँका तारण मागत नाहीत, आईवडिलांना सहकर्जदार करतात, त्यावर घर किंवा प्लॉट. शेतजमीन बऱ्याच बँका तारण घेत नाहीत हे ऐकून बाबा दोन दिवस बोलले नव्हते. प्लॉट असेल तर खरेदीखत, इंडेक्स टू, एनए म्हणजे बिगरशेतीची ऑर्डर, मंजूर नकाशा आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट, एवढं आधीच काढून ठेवलं तर मंजुरी लवकर होते. लोनमधून बाहेर पाठवलेल्या पैशावर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर, लागत नाही, स्वतःच्या पैशावर वर्षाला १० लाखांच्या वर लागतो. व्याजावर इन्कम टॅक्समध्ये ८ वर्षं सूट मिळते, अर्थात जुन्या करप्रणालीत.

आणि स्कॉलरशिपचा अर्ज न टाकता लोनकडे जाऊ नका. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती वर्षाला ७५ जणांना मिळते, ती समाजकल्याण आयुक्तालय पुण्याकडे. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीजला १२५ जागा, वय ३५ पर्यंत, ६० टक्के, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत आणि विद्यापीठ क्यूएस यादीत पहिल्या ५०० मध्ये. आदिवासी मुलांची वेगळी योजना आहे आणि तिचं आयुक्तालय आपल्या नाशिकलाच आहे, पेठ-सुरगाणा-कळवणच्या मुलांनी स्वतः जाऊन चौकशी करावी, मुंबईच्या मुलांना जे लांब पडतं ते तुमच्या एसटीच्या अंतरावर आहे. ओबीसी, व्हीजेएनटी आणि खुल्या गटालाही राज्याच्या योजना आहेत, अटी दर वर्षीच्या जाहिरातीत बघाव्या. जात वैधता प्रमाणपत्र हातात नसेल तर आजच अर्ज टाका, जाहिरात आल्यावर ते होत नाही.

व्हिसाच्या दिवशी आम्ही पंचवटीने जाणार होतो पण सकाळी साडेनऊच्या वेळेला ती पोहोचत नाही, म्हणून आदल्या रात्री ठाण्याला मावशीकडे राहिलो. ओरिजिनल एका फोल्डरमध्ये, झेरॉक्स दुसऱ्यात, चेकलिस्टच्या क्रमाने. भाऊ जायच्या आधी बाबांच्या नावाने मुखत्यारपत्र आणि बँकेसाठी सही केलेलं अधिकारपत्र करून घेतलं, कारण पुढच्या सेमिस्टरचा हप्ता सोडताना बँक मार्कशीट आणि विद्यार्थ्याची सही मागते आणि तो तेव्हा ड्रेस्डेनला असतो. सगळ्या कागदांचे स्कॅन एका पेनड्राइव्हमध्ये आईच्या कपाटात आहेत, देवघराच्या खालच्या खणात, आणि त्यातला डिग्रीचा स्कॅन आत्तापर्यंत दोनदा पाठवावा लागलाय.